कापलेली फुलं दुपारपर्यंत माना टाकतात? आधी बादलीच्या आत बोट फिरवा

पहाटे वाफ्यात ताठ उभी असलेली झिनिया इंदूरला गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत मान टाकते. मग काही दिवस सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा एका सकाळी फोन येतो, “ताई, फुलं तर लटकली.” राऊ, सिमरोल, हातोद, सांवेर या बाजूंना एक-दोन बिघ्यांत कापायची फुलं लावणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आहे. त्यावर केले जाणारे उपाय मात्र खर्चाचे असतात. कोणी बियाणं बदलतं, कोणी ठिबकमधून विद्राव्य खताचा आणखी एक डोस देतं, कोणी गाडीवाला बदलतं. थोडे दिवस फरक वाटतो आणि पुन्हा तेच सुरू होतं.

जे दुखणं जातं आणि परत येतं, त्याचं मूळ सहसा बियाण्यात नसतं. ते बादलीच्या आतल्या चिकट थरात असतं. नव्या बादल्या आणल्या की फुलं टिकतात, तो थर पुन्हा बसला की पुन्हा पडतात. म्हणूनच कारण हातातून निसटत राहतं. तरीही सगळा दोष लगेच बादलीवर टाकू नका. मान टाकण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. फूल किती वेळानं पडलं आणि पडताना कसं दिसलं, एवढं आधी वहीत लिहायला लागा. निम्मं निदान त्या दोन रकान्यांत होतं.

किती वेळानं आणि कसं

कापल्यावर तासा-दोन तासांत मान वाकली, तर जिवाणूंना तेवढा वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी तीन शक्यता असतात: फूल कोवळं कापलं, उन्हात कापलं, किंवा दांड्यात हवा शिरली. झिनियात कोवळेपणाचा दोष सर्वांत जास्त दिसतो, कारण पाकळ्या पूर्ण उघडलेल्या दिसल्या तरी मानेतला दांडा अजून मऊ असू शकतो. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा दोन बोटांत धरा आणि हलकेच हलवा. मान लुळी पडून डुलली तर फूल तसंच राहू द्या, एक-दोन दिवसांनी तेच फूल काठीसारखं ताठ लागेल. फुलं कापायला जी मावशी किंवा जो मुलगा येतो त्याला रंग बघून नव्हे, मान हलवून कापायला शिकवा. यात सकाळची पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, पण परत येणारा माल ताबडतोब कमी होतो.

बाकीच्या फुलांचं थोडक्यात सांगते. चायना अ‍ॅस्टरच्या बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडल्यावर कापा. सूर्यफुलाच्या पाकळ्या चकतीवरून नुकत्या उचलायला लागल्या की कापा. स्नॅपड्रॅगनची खालची एक तृतीयांश फुलं उमललेली हवीत. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसला की पुरे, आणि कापताना झाडावर चार पानं ठेवा, नाहीतर कंद पोसत नाही. निशिगंध मात्र फार कळीत कापू नका. त्याच्या घट्ट कळ्या साध्या पाण्यात नीट उमलत नाहीत, आणि न उमललेली काडी गिऱ्हाईक सुकलेलीच समजतं.

पहिला दिवस ठीक गेला आणि दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होऊन वास मारायला लागला, दांड्याचं टोक तपकिरी, बुळबुळीत झालं, तर तो जिवाणूंचा प्रकार. याबद्दल खाली सविस्तर आहेच.

दांडा ताठ, पानं टवटवीत, पण पाकळ्या गळून पडल्या, तर तो पिकलेल्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूचा प्रताप आहे. ग्लॅडिओलस किंवा स्नॅपड्रॅगनचा शेंडा वर वळून वाकडा झाला, तर फुलं गाडीत आडवी ठेवली होती. ही फुलं आडवी पडली की काही तासांत शेंडा आकाशाकडे वळतो आणि पुन्हा सरळ होत नाही, म्हणून त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत उभंच ठेवायचं. ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांच्या कडा आणि पानांची टोकं भाजल्यासारखी दिसत असतील तर पाण्यातल्या फ्लोराइडची तपासणी करून घ्या. लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइडसुद्धा त्याला सोसत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, त्यामुळे आपण निर्धास्त पितो ते पाणीही या फुलाला बाधू शकतं. धार आणि झाबुआ जिल्ह्यांत फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. त्या बाजूला शेत असेल तर ही तपासणी टाळू नका.

बादली

आता मुख्य गोष्ट. रिकामी, ‘धुतलेली’ बादली घ्या आणि पाणी भरतो त्या रेषेच्या जरा खाली आतून बोट फिरवा. बोटाला भेंडी चिरताना लागतो तसा चिकटा लागला, तर फुलं का पडतात ते कळलं. हा थर जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला असतो. नुसतं पाणी फिरवून टाकलं तर तो जागचा हलत नाही. त्यावर ब्लीच ओतलं तरी वरचे जिवाणू मरतात आणि आतले शाबूत राहतात. त्यात ताजं पाणी भरलं की तेच जिवाणू पाण्यात सुटतात, कापलेल्या दांड्याच्या तोंडाशी जमतात आणि पाणी वर चढण्याच्या बारीक नळ्या बंद करतात. फूल पाण्यात उभं असूनही तहानेनं मरतं.

पेंटच्या जुन्या डब्यांत हे लवकर होतं, कारण आतल्या चरांमध्ये थर घट्ट बसतो. खूप ओरखडे पडलेला डबा फुलांसाठी वापरूच नका, तो खत कालवायला द्या. जस्ताच्या पत्र्याच्या बादल्या दिसायला छान असतात, पण आंबट केलेल्या पाण्यात जस्त उतरतं आणि दांड्यांना बाधतं. फुलं उभी करायला प्लास्टिकच बरं, तेही पांढरं किंवा फिकं, म्हणजे मळ दिसतो.

धुण्याचा क्रम बदलू नका. आधी भांडी घासायचा साबण आणि ताठ ब्रश घेऊन हातानं घासायचं. तळाचा कोपरा आणि कडेच्या वळलेल्या पट्टीची आतली बाजू विसरायची नाही, ती नेहमी राहून जाते. मग स्वच्छ धुवायचं. त्यानंतर घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं मिश्रण दहा मिनिटं ठेवायचं, पुन्हा धुवायचं आणि बादली उन्हात पालथी घालायची. पूर्ण कोरडी होऊ देणं हाही उपचाराचाच भाग आहे. हा थर ओलाव्यावर जगतो. एकात एक घालून रचलेल्या ओल्या बादल्या म्हणजे रात्रभर जिवाणूंची पैदास. जागा कमी असेल तर काठ्यांवर उलट्या टांगा.

सिकेटरलाही, म्हणजे दांडे कापायच्या कात्रीलाही, तोच नियम. रोज कापणी संपली की पात्यांवरचा चीक पुसून स्पिरिट फिरवा, आणि धार नीट ठेवा. बोथट पात्यानं दांडा चेपला जातो, मग कितीही चांगलं पाणी दिलं तरी ते वर चढत नाही.

हे सगळं झाल्यावर पाण्यात काय घालायचं ते बघू. झिनिया, सूर्यफूल, झेंडू ही पाणी फार लवकर खराब करणारी फुलं आहेत. त्यांना अ‍ॅस्टर किंवा निशिगंधाच्या बादलीत कधीच ठेवू नका, त्यांची बादली वेगळी. त्या पाण्यात लिटरला १ मिलिलिटर घरगुती ब्लीच पुरेसं होतं. ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असेल तर लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन बसतं. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते: १० लिटरला सुमारे दीड ग्रॅम, वेगळ्या मगात कालवून वरची निवळी तेवढी घ्यायची. पावडर उघडी राहिली की तिचा जोर कमी होतो, म्हणून छोटा पुडा आणा आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. क्लोरीनही एका दिवसात संपतं, तेव्हा पाणी रोज बदला. पाण्याच्या रेषेखाली एकही पान राहू देऊ नका. बुडालेलं पान म्हणजे जिवाणूंना वाढलेलं ताट.

एक सूचना फार कळकळीनं करते. ब्लीच आणि लिंबाचं सत (सायट्रिक आम्ल) एकत्र करू नका, आणि संडास साफ करायचं आम्ल ब्लीचच्या जवळपासही आणू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पॅकिंगची खोली लहान आणि बंद असते, तिथे हा वायू फुफ्फुसांना जाळतो. एका बादलीला एकच उपाय.

साखरेबद्दलही विचारतात. साखर फुलाला खायला लागते हे खरं, पण ती आधी जिवाणूच खातात. जंतुनाशकाशिवाय साखर घातलेल्या पाण्यात फूल साध्या पाण्यापेक्षा लवकर पडतं. घालायची असेल तर क्लोरीनच्या पाण्यात लिटरला १० ते २० ग्रॅम घाला, आणि तीही ग्लॅडिओलस, निशिगंध अशा एकामागून एक कळ्या उमलणाऱ्या फुलांना. झिनियाला नको.

बोअरचं पाणी

माळव्याच्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, त्याच पाण्यात आपण फुलं उभी करतो. जड, अल्कधर्मी पाणी दांड्यातून सावकाश चढतं, किंचित आंबट पाणी भराभर चढतं. किराणा दुकानात लिंबाचं सत मिळतं, ते १० लिटरला ३ ते ४ ग्रॅम घालून सुरुवात करा आणि पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या, पट्टीनं बघा. ३.५ ते ४.५ च्या दरम्यान आलं की थांबा. पाणी जास्त जड असेल तर सत जास्त लागेल, म्हणून शेजाऱ्याच्या मापावर जाऊ नका. मीठ वापरून मऊ केलेलं पाणी, म्हणजे घरात सॉफ्टनर बसवतात त्यातलं, फुलांना वापरू नका. त्यातलं सोडियम गुलाबासारख्या फुलांना बाधतं.

मला सर्वांत आवडणारा मार्ग पावसाच्या पाण्याचा आहे. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी खाली येतं. पहिल्या पावसाचं पाणी जाऊ द्यायचं, नंतरचं जाळीतून गाळून झाकलेल्या काळ्या टाकीत घ्यायचं. हे पाणी मऊ असतं, फुकट असतं आणि आरओसारखं अर्धंअधिक वाया जात नाही. शेतीला ते पुरणार नाही, पण फुलांच्या बादल्यांना दिवाळीपर्यंत सहज पुरतं. टाकीला मात्र ऊन लागू देऊ नका आणि वर्षातून एकदा आत उतरून घासा, नाहीतर बादलीतला चिकटा टाकीतूनच यायला लागेल. बादल्या लख्ख असूनही फुलं पडत असतील तर टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवून बघा.

दोष पाण्याचा की बादलीचा हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. काचेच्या तीन स्वच्छ बरण्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच पाणी ब्लीच घालून, तिसरीत पावसाचं किंवा आरओचं पाणी. एकाच वाफ्यातली, एकाच वेळी कापलेली, सारख्या उंचीची पाच-पाच फुलं लावून सावलीत ठेवा. शेजारी रोजच्या बादलीत पाच ठेवा. फक्त बादलीतली पडली तर घासायला बसा. बोअरची बरणी आणि बादली दोन्ही पडल्या, पण ब्लीचची टिकली, तर जिवाणू पाण्यातच आहेत. फक्त तिसरी बरणी टिकली तर पाणी जड आहे किंवा त्यात क्षार आहेत. चारही पडल्या तर दोष बरणीत शोधू नका. तो कापणीत किंवा शेतात आहे.

पहिला तास

मार्चपासून जूनपर्यंत आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात हा भाग फार महत्त्वाचा ठरतो. फूल कापलं तरी श्वास घेतंच, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की तो वेग दुपटी-तिपटीनं वाढतो. सूर्य वर यायच्या आत कापून घ्या. पाण्याची बादली वाफ्याच्या टोकाशी नको, कापणाऱ्याच्या हाताशी हवी. कापून ओंजळीत गोळा करत राहिलं की दांड्याच्या नळ्यांत हवा शिरते आणि ती हवा पाण्याची वाट अडवते. बादली सावलीत नेल्यावर दांड्याचं खालचं दोन-तीन सेंटीमीटर टोक पाण्याखाली धरून पुन्हा कापा, म्हणजे तो अडलेला भाग निघून जातो. मान टाकलेली फुलंही बऱ्याचदा यानं उभी राहतात: टोक छाटा, कागदात सैल गुंडाळा, हाताला ऊन लागेल एवढ्या, साधारण ४० अंशांच्या पाण्यात उभी करा आणि बादली थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा. ऊन पाणी थंड पाण्यापेक्षा लवकर चढतं. दोन तासांत उठली नाहीत तर ती विकू नका.

कोल्ड स्टोरेज छोट्या शेताला परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष विटा आणि रेतीत बांधता येतो. विटांच्या दोन भिंती, मध्ये साधारण ७.५ सेंटीमीटर फट, फटीत नदीची रेती, ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वरून बांबू आणि गवताचं झाकण. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा तो काम देत नाही, आणि त्या दिवसांत त्यात फुलं ठेवली तर बुरशी धरते. घरच्या फ्रिजात झिनिया किंवा सब्जाच्या डहाळ्या ठेवायचा मोह टाळा. तिथल्या ४-५ अंशांत त्यांची पानं काळवंडतात.

गाडी आणि फळं

लार्कस्पर आणि स्नॅपड्रॅगनच्या पाकळ्या गळण्याची तक्रार चैत्रात वाढते. पिकलेल्या केळ्या-आंब्यांतून इथिलीन निघतं आणि ही दोन्ही फुलं त्याला फार नाजूक आहेत. चोइथराम मंडीत फुलं उतरवून येताना त्याच गाडीत फळांच्या पेट्या घेतल्या, किंवा जाताना कोणाची केळी सोबत घेतली, की माल पोचेपर्यंत पाकळ्या गाडीच्या फरशीवर असतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला फुलं देता तेव्हा काकूंना एवढं सांगाच, की आरास होईपर्यंत फुलदाणी फळांच्या परातीपासून आणि उदबत्तीच्या धुरापासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवा. झिनिया, अ‍ॅस्टर, सूर्यफूल यांना इथिलीनचा फारसा त्रास नाही, म्हणून फळांच्या शेजारी मांडायची आरास याच फुलांची करा. इथिलीनवर चांदीच्या क्षाराचं औषध मिळतं, पण चांदी जड धातू आहे आणि ते पाणी शेवटी आपल्याच जमिनीत जातं. मी ते वापरत नाही, आणि फळं वेगळी ठेवली की त्याची गरजही पडत नाही.

वाफ्यातच मान टाकत असतील तर

जमीन ओली असून झाड भर दुपारी लुळं पडतं आणि संध्याकाळी उठत नाही, तेव्हा बादली निर्दोष. काळी माती पाणी धरून ठेवते आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुळं गुदमरतात. या फुलांना सपाट वाफा नकोच. फूटभर उंच गादीवाफा आणि कडेला वाहती चरी हवी. नत्र जास्त झालं की दांडे मऊ होतात. गच्च हिरवी पानं आणि लांब लुळी मान दिसली तर युरिया आणि कच्चं शेणखत दोन्ही थांबवा.

पडलेली फुलं, पानं, दांडे यांचं खत करताना जुनी इंदूर पद्धतच उत्तम. अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती इथेच, १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत घडवली. काडीकचरा, शेण आणि मातीचे थर, तीनदा उलटणं, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. ढीग आतून इतका तापला पाहिजे की हात घालवणार नाही, तरच त्यातले रोगजंतू मरतात. ब्लीचचं पाणी मात्र या ढिगावर ओतू नका, ते ढिगातले उपयोगी जिवाणूही मारतं. उघड्या बादलीत दिवसभर उन्हात राहू द्या आणि मग पायवाटेवर टाका.

लुळं पडलेलं झाड उपटून खोडाचा खालचा भाग उभा चिरून बघा. आत तपकिरी पट्टा दिसला, आणि विशेषतः अ‍ॅस्टर एका बाजूनं सुकत असेल, तर ती फ्युजॅरियम बुरशीची मर. मग त्याच खोडाचा आडवा तुकडा काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात टोक बुडवून स्थिर धरा. चार-पाच मिनिटांत टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले, तर तो जिवाणूजन्य मर रोग. झिनिया आणि झेंडू दोन्हींना तो होतो, आणि बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची यांच्यावरही तोच जिवाणू जगतो. माळव्यात बटाट्याची शेतं चहूकडे आहेत, म्हणून जमीन भाड्यानं घेताना मागच्या तीन वर्षांत काय होतं ते मालकाला आवर्जून विचारा. रोगट झाडं मुळासकट काढून जाळा, खताच्या ढिगात टाकू नका. त्या वाफ्याचं पाणी शेजारच्या वाफ्यात वाहू देऊ नका. पुढची तीन वर्षं तिथे मका, ज्वारी किंवा गहू घ्या, आणि त्या वाफ्यात वापरलेलं सिकेटर ब्लीचमध्ये बुडवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.